सुमार आहे, जाऊ द्या

गुलाबराव वासनिकांकडून कौतुक करून घेतलेला माणूस जबलपुरातल्या आमच्या अधारतालच्या गल्लीत अजून जन्माला यायचा होता. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला होता. नवी स्कूटर घेतली तेव्हा पेढ्यांचा डबा घेऊन आधी त्यांच्याच दारात गेलो. त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, सीटवर बोट दाबून पाहिलं, चाकापाशी वाकले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सुमार आहे."

"स्कूटर का पेढा, काका?"

"दोन्ही."

यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, कारण या बाबतीत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. शहरात नवा फ्लायओव्हर झाला तेव्हा अख्खं जबलपूर पोराबाळांसकट त्याच्यावर फोटो काढायला गेलं. मीही गुलाबरावांना मागे बसवून घेऊन गेलो. या टोकाकडून त्या टोकाकडे गेलो, परत आलो. दिवे काय, तारा काय, खाली पसरलेलं शहर काय! घरी उतरल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मी वाट पाहत उभा. "सुमार आहे," ते म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

मी विम्याचा एजंट आहे. लोकांच्या घरात शिरायचा परवाना माझ्याकडे आहे, आणि शिरल्यावर नुसत्या विम्याच्या गोष्टी करून उठावं इतका मी कर्तव्यदक्ष नाही. त्यामुळे गल्लीतली पुष्कळ खबर माझ्याकडे असते, जी नसते ती माझी बायको मनीषा आणते. गुलाबराव आणि गीताबाईंची ही गोष्ट आम्हा दोघांची मिळून आहे. थोडी मी पाहिलेली, थोडी तिने.

गुलाबराव मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील इकडे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले, मागून हेही लागले. काम तपासणीचं. पितळेचे लहान लहान भाग टेबलावर यायचे, ते तपासायचे. कशाचे भाग ते विचारू नका. त्यांनी बायकोला नाही सांगितलं, तुम्हाला काय सांगतील! हातात पोलादाच्या दोन कड्या, त्यांना गेज म्हणायचे. मोठ्या कडीतून भाग गेला पाहिजे. धाकटीतून जाता कामा नये. मोठीत अडकला तरी बाजूला, धाकटीतून निसटला तरी बाजूला. सारी उमर हेच केलं.

एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी मला ही विद्या समजावून दिली होती.

"हजार तुकडे टेबलावर ओतले ना अतुल, तर त्यातला एकही नजरेत भरला नाही पाहिजे. जो उठून दिसला, तो भंगारात."

"आणि एकही उठून नाही दिसला तर?"

"तर माल बरोबर."

"मग बरोबर म्हणा ना. चांगला म्हणा. सुमार काहून म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी धाकट्या कडीतून निसटलो होतो. "चांगला म्हटलं का माणूस पाहणं बंद करते," ते म्हणाले. "सुमार म्हटलं का पाहत राह्यते."

मी चहावाल्याला म्हणालो, "भैया, एक और सुमार चाय देना." तो हसला, गुलाबराव नाही हसले. त्यांनी कप उजेडाकडे धरून चहाचा रंग पाहिला.

आता गीताबाई. ठेंगण्या, गव्हाळ, हसल्या की डोळे अर्धे मिटणाऱ्या. आमच्या गल्लीच्या टोकाला जे विहार आहे, तिथे दर बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात. ती खीर वर्षानुवर्षं गीताबाईंच्या अंगणात शिजायची. तीन दगडांवर भला मोठा गंज चढायचा, दूध आटायला लागलं की सुवास वळणावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायचा. विहाराची पोरं गंज उचलायला येऊन उभी राहायची. पण उचलायचा नाही. आधी तपासणी.

गुलाबराव आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाहेर यायचे. त्यांचा एक वेगळा चमचा होता, तो दुसऱ्या कशाला वापरलेला चालत नसे. एक चमचा खीर घेऊन ते डोळे मिटायचे. भोवतीची कुजबुज थांबायची. मे महिन्याचं ऊन भिंतीवर आदळत असायचं, पोरांच्या कपाळावरून घाम गळत असायचा, आणि गीताबाई पदराला हात पुसत त्या चमच्याकडे बघत उभ्या. नवऱ्याकडे नाही, चमच्याकडे. मग डोळे उघडायचे.

"सुमार आहे, जाऊ द्या."

पोरं गंज उचलून पळायची. हे वाक्य आमच्या गल्लीत इतकं मुरलं होतं, की मुलीला सासरी पाठवतानासुद्धा कुणीतरी मागून हळूच म्हणायचं, सुमार आहे, जाऊ द्या.

एका वर्षी मात्र डोळे उघडले आणि ते म्हणाले, "तळाला लागली. ही घरीच राहू द्या." आम्ही सगळ्यांनी चाखली. मी तर दोन वाट्या खाल्ल्या, केवळ तपासणी म्हणून. कुणालाच काही लागलं नाही. गीताबाईंनी पदर खोचला. गंज रिकामा केला, उलथन्याने तळ खरवडला, तर खरोखरच एक काळा डाग निघाला, कपाळावरच्या टिकलीपेक्षा जरासा मोठा. त्यांनी पोरांना दुधाला पिटाळलं आणि सगळी खीर नव्याने केली. पौर्णिमेची वंदना त्या वर्षी उशिरा झाली. दुसऱ्या दिवशी त्या मनीषाला सांगत होत्या, "नाक आहे का काय आहे बाई, मेलं! असा माणूस कोणाच्या वाट्याला न येवो." पण मनीषा म्हणते, बोलताना गाल रागाने फुगले होते आणि आवाजात ऐट होती.

तर गेल्या वर्षीच्या पौर्णिमेची गोष्ट. विहाराचे सेक्रेटरी गणपतराव यांच्या मनात आलं, की एवढी वर्षं ज्या बाईने खीर रांधली तिचा सत्कार करावा. शाल, फुलांचा गुच्छ आणि मंचावर खुर्ची. गीताबाईंनी आधी नाही-नाही केलं, मग निळ्या काठाची पांढरी साडी आणली. खुर्चीत बसल्या तेव्हा पाय जमिनीला पुरत नव्हते, म्हणून टाचा उचलून बसल्या होत्या. गणपतरावांनी शाल पांघरली, टाळ्या झाल्या. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज उठला, "काकांना बोलवा! काका, दोन शब्द!"

गणपतराव माइकवरून म्हणाले, "गुलाबराव, या जी. काकूबद्दल दोन शब्द."

गुलाबराव मंचावर गेले. माइकवर टिचकी मारून पाहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "माइक सुमार आहे!" हशा झाला. मग ते गीताबाईंकडे वळले आणि पाहू लागले. खूप वेळ पाहिलं. मागचे लोक माना उंच करून बघायला लागले. गीताबाईंनी मान वर केली. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, या वेळी चमचा मध्ये नव्हता.

"गीता..." गुलाबराव म्हणाले. थांबले. "सुमार आहे."

सभा हशाने फुटली. अशा हशाची त्यांना सवय नव्हती. त्यांना वाटलं, आपण काहीतरी फार चांगलं बोललो. चेहरा उजळला आणि त्यांनी उरलेलं वाक्यही देऊन टाकलं. "जाऊ द्या."

लोकांनी खुर्च्या बडवल्या. गीताबाईही हसल्या, तोंडाला पदर लावून. तो पदर खाली आला तेव्हा हसू त्याच्याबरोबर पुसलं गेलं होतं, हे मनीषाने पाहिलं. मी नाही पाहिलं. मी खुर्ची बडवत होतो.

भांडण झालं नाही, नाहीतर मला ऐकू आलं असतं. आमची भिंत एकच आहे. दुसऱ्या दिवशी गीताबाईंनी गंज घासून उन्हात पालथा घातला, लोणच्याच्या बरणीचं फडकं बदललं, नवऱ्याला म्हणाल्या, "हर्षाकडे जाऊन येते," आणि ई-रिक्शात बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मदन महलला लेकीकडे गेल्या. आल्याच नाहीत.

गल्लीने आपापले तर्क लावले. लेकीला दिवस गेलेत. गुलाबरावांनी पेन्शन कुठेतरी उडवली. जावई घरजावयाच्या उलट, सासूलाच घरात ठेवून घेऊ पाहतोय. मी दोन-तीन तर्क स्वतः तयार करून सोडले, ते फिरून माझ्याकडे आले तेव्हा ओळखूही येत नव्हते. पण खरी गोष्ट हर्षानेच मनीषाला सांगितली. "काकी, आई काहीच नाही मागून राहिली. ती म्हणते, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहून सांगावं मी कशी आहे. सोच के. विचार करून. मग मी येते. बस, इतनी सी बात है."

इतनी सी बात! पण तीच गुलाबरावांना जमेना. हर्षा फोन करायची तर ते म्हणायचे, "मी तिला वाईट कधी म्हटलं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. सकाळी भात टाकायचे, लोणच्याबरोबर दोन्ही वेळा खायचे. मी विचारलं, "काका, भात कसा झाला?" तर म्हणाले, "सुमार." मग भांड्यात बघत राहिले.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा एका रविवारी ते माझ्याकडे आले. "अतुल, तुझ्या बाबांचा जाडा शब्दकोश होता. आहे का?"

"आहे. टीव्हीच्या खाली लावलाय. काय काढायचंय?"

"सुमार."

टीव्ही उतरवला, शब्दकोश काढला, धूळ झटकली. गुलाबराव चष्मा पुढे-मागे करत बसले, मी वाचत गेलो. तोपर्यंत मला वाटत होतं, की हा आपला घरचाच शब्द, भाकरीसारखा. तर तो निघाला फारशीतला. मूळ शब्द शुमार, म्हणजे गणती, मोजणी. मराठीत आल्यावर मोजणीचा अंदाज झाला. सुमारे शंभर माणसं म्हणतो तो हाच. पुढे घसरत घसरत मध्यम, बेताचा, सामान्य. बेसुमार म्हणतो तेव्हा मात्र जुना अर्थ अजून जिवंत असतो. मोजता येणार नाही इतकं.

"म्हणजे बघा काका," मी म्हणालो, "याचा सख्खा भाऊ हिंदीत राहिला, तो अजून कडक इस्त्रीत फिरतो. 'शहर के इज्जतदार लोगों में शुमार होते हैं.' आणि हा मराठीत आला तर याची ही दशा. आपल्या लोकांसारखंच. भंडाऱ्याकडचा माणूस जबलपुरात येऊन काय होईल, सांगता येत नाही."

त्यांना विनोदात रस नव्हता. "मोजणीचा सामान्य कसा झाला?"

ते काही शब्दकोशात नव्हतं. मी आपला अंदाज ठोकला, अगदी सुमारे. "मला वाटतं, जी वस्तू खास असते तिला माणूस हातात घेऊन बघतो. बाकीच्या ढिगाने मोजतो. नुसतीच मोजली, एकेक करून पाहिली नाही, ती सुमार झाली असेल. हे माझं डोकं आहे काका, पुस्तकातलं नाही."

गुलाबरावांनी पहिला अर्थ पकडला आणि बाकीचं सगळं सोडून दिलं. "म्हणजे मोजलेली," ते म्हणाले. चेहऱ्यावर रंग आला. "वाईट नाहीच. गणतीतली. हे गीताला सांगायला पाहिजे. तू चल संगं, तू पुस्तकातलं सांग."

"काका, बायकोला फारशी ऐकवून कुणी परत आणल्याचं मला तरी माहीत नाही."

"तू चल."

त्यांनी तिथूनच हर्षाला फोन केला. तिने शब्दकोशाचं ऐकलं आणि तिचा आवाज इतका चढला, की मला शेजारी बसून ऐकू आला. "बाबा, डिक्शनरी-विक्शनरी काही नको! आई काल स्वतः म्हणाली, त्यांना बोलाव. बॅग भरून ठेवलीय तिने, मी पाहिली. तुमच्यासाठी खीर करणार आहे. तुम्ही फक्त यायचं, खायची आणि छान म्हणायचं. कुछ भी हो जाए, छान. म्हणून दाखवा."

"काय?"

"छान म्हणा, बाबा."

"छान," गुलाबराव म्हणाले. गेज न लावता माल पुढे ढकलावा तसा आवाज होता.

मदन महलकडे जाताना वाटेत खोव्याची जिलेबी घेतली, ती गुलाबरावांनी पोटाशी धरली. फ्लायओव्हरवर वारा लागत होता आणि माझ्या हेल्मेटच्या मागे त्यांची तालीम चालू होती. "छान. फार छान. एकदम छान." मध्येच "मस्त"ही घालून पाहिलं, ते नाही बसलं. काढून टाकलं. मला हसू येत होतं. मी मनातल्या मनात गल्लीला सांगायची गोष्टही रचत आणली होती, गीताबाई बॅगेसकट स्कूटरवर बसतात आणि मी पायी घरी येतो अशी.

हर्षाचं घर स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर तो वास आला. जळलेल्या दुधाचा. थोडासा नाही, नाक नसलेल्यालाही यावा असा. गुलाबराव पायरीवर थबकले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, मी पाहिलं.

हर्षाने दार उघडलं आणि आवाज दाबून म्हणाली, "आई गॅलरीत उभी राहून रस्ता पाहत होती. दूध तसंच गॅसवर. बाबा, प्लीज." तिने हात जोडले.

सोफ्याला टेकून एक तपकिरी बॅग उभी होती, चेन लावलेली, वर छत्री आडवी ठेवलेली. मला वाटलं, झालं काम.

गीताबाई आतून आल्या. वाळल्या होत्या. "जयभीम, अतुलभाऊ," मला म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बसा."

गुलाबराव बसले आणि हर्षा डोळे मोठे करत असतानाही शब्दकोशावर गेलेच. "गीता, सुमार म्हणजे मोजलेलं. फारशी शब्द आहे. अतुलच्या पुस्तकात निघाला. वाईट नाही तो. गणतीतलं, असा अर्थ आहे."

"मोजलं कोणी?"

"आँ?"

"मला मोजलं कोणी? तुम्ही तर तिकडे फॅक्टरीत पेट्याही मोजत होते."

"आई, राहू दे ना," हर्षा मध्ये पडली. "खीर आण तू. बाबा भुकेले असतील."

खीर आली. माझ्याही पुढे आली. रंग पिवळट, वर तपकिरी कण तरंगत होते. एका चमच्यानंतर माझी जीभ कोरडी पडली. जावई तोंड पाडून मोबाइलमध्ये बघत होता, त्याने वाटीला हात लावला नाही. गीताबाई नवऱ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि पदराला हात पुसत त्यांच्या चमच्याकडे बघू लागल्या.

गुलाबरावांनी चमचा तोंडात घातला. सवयीने डोळे मिटले. खालून गाडीची अनाउन्समेंट चालली होती, ती संपली. त्यांचे ओठ हलले. मला वाटतं, 'त' निघत होता, तळाला-मधला. डोळे उघडले, तर समोर गीताबाईंच्या डोक्यावरून हर्षा नको-नको अशी मान हलवत होती.

"छान," गुलाबराव म्हणाले. "फार छान झाली. अशी खीर तू कधीच केली नव्हती."

"खरं?"

"एकदम."

"आणखी देऊ?"

"दे."

गीताबाईंनी वाटी भरली. त्यांनी तीही संपवली, चमचा वाटीच्या कडेने फिरवून. हर्षाने सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. मग गीताबाई म्हणाल्या,

"जळाली आहे."

त्यांनी नवऱ्याच्या हातातली रिकामी वाटी काढून घेतली.

"तुम्हाला समजलं नाही?"

दोषावर बोट ठेवून विचारल्यावर गुलाबरावांना खोटं बोलता येत नाही. "समजलं," ते म्हणाले. "जिन्यातच समजलं."

"मग?"

"हर्षानं सांगितलं होतं, छान म्हणा म्हणून."

"बाबा!" हर्षा ओरडली.

गीताबाईंनी वाटीत वाटी घातली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "साऱ्या गल्लीनं गोड बोलून माझी खीर खाल्ली. मनीषाबाई छान म्हणायच्या. विहारातले भन्तेजी छान म्हणायचे. अतुलभाऊ तर भांडं दिसलं का छान म्हणायचे. मी कोणावर भरोसा केला? तुम्ही सुमार म्हटलं का मला समजायचं, निघाली चांगली. मला काय माहीत नव्हतं का तुमचं सुमार?"

"मग स्टेजवर..." गुलाबराव म्हणाले, "स्टेजवर तेच तर म्हटलं मी."

"स्टेजवर खीर नव्हती. मी होते. तुम्ही इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मला वाटलं, आज पाहून राहिले. आज काही निघेल तोंडातून, कसं का असेना. भांडकुदळ म्हणाले असते, तरी चाललं असतं. आणि निघालं काय? गंज उचलताना निघते ते."

गुलाबराव बायकोकडे बघत होते. आता खरंच बघत होते, असं मला वाटलं. पण गीताबाई वाट्यांकडे बघत होत्या.

"मी ही खीर फेकून दुसरी टाकणार होते," त्या म्हणाल्या. "दूध आणलं होतं. मग म्हटलं, नाही. हीच देते. मनात म्हटलं होतं, जळाली म्हणाले तर उठून तुमच्यासंगं चालायला लागीन. तेवढं तरी आहे अजून त्यांच्याजवळ, खरं सांगणं. आता तेही नाही. आता तुम्हीही सगळ्यांसारखे."

"गीता, जळाली आहे," गुलाबराव घाईने म्हणाले. "फार जळाली आहे. तळापासून वर आली आहे. मी सांगतो ना आता."

"आता मी सांगितल्यावर."

त्या उठल्या. बॅगेवरची छत्री उचलली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवून आल्या. मग वाट्या घेऊन आत गेल्या आणि नळ सुरू झाला. हर्षा रडायला लागली होती. जावई मला म्हणाला, "भैया, चाय पिएँगे?" त्यालाही काहीतरी म्हणायचं होतं बिचाऱ्याला.

परतताना फ्लायओव्हरवर मागे काही आवाज नव्हता. मी दोनदा "काका?" म्हटलं, कारण माणूस पडला-बिडला तर विमा मीच काढलेला. घरी उतरल्यावर पाहिलं, जिलेबीचा पुडा तसाच हातात. पाक झिरपून सदऱ्यावर डाग पडला होता. त्यांनी पुडा मला दिला आणि फाटक लावून घेतलं. ती जिलेबी मी गल्लीत वाटली. गोष्ट मात्र त्या दिवशी वाटली नाही. मनीषाला सांगितली, तर ती म्हणाली, "तुम्ही काहून नाही बोलले, जळाली म्हणून?" मला कुणी विचारलं होतं?

हळूहळू गल्लीच्या लक्षात आलं, की गुलाबराव बदलले. मनीषाने वांग्याची भाजी पाठवली, तिच्यात ती मीठच विसरली होती, मी जेवताना आरडाओरडा केला होता. वाटी परत आली ती "छान होती" असा निरोप घेऊन. महापालिकेने आमचा रस्ता उखडून अर्धवट बुजवला, गुलाबराव त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हणाले, "छान केला." शेजारच्या पोराने फटफटीला भयंकर आवाजाचा भोंगा लावून त्यांना मुद्दाम ऐकवला. छान. पोरगं हिरमुसलं. गणपतराव मला म्हणाले, "काका सुधारले जी. वयाबरोबर माणूस मऊ होते." मी हो म्हटलं. पण मी पाहिलं होतं, ते आता कप उजेडाकडे धरत नाहीत. चहा येतो, पितात, कप ठेवतात.

हर्षाने मध्ये पुष्कळ खटपट केली. दोघांना फोनवर आणलं. गुलाबराव म्हणाले, "गीता, तू फार चांगली आहेस." पलीकडून गीताबाई म्हणाल्या, "जेवले का?" ते म्हणाले, "हो. छान जेवलो." फोन ठेवला गेला.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला खीर मेन रोडवरच्या केटररकडून आली. पण पोरांनी रिवाज मोडला नाही. गंज टेम्पोतून उतरवला, गुलाबरावांच्या दारात आणला आणि हाक मारली. ते पांढरा सदरा घालून बाहेर आले. पोराने त्यांच्यापुढे चमचा धरला. त्यांनी गंजाकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि चमचा घेतलाच नाही.

"छान आहे," ते म्हणाले, "जाऊ द्या."

गीताबाई मदन महलहून विहारात आल्या होत्या, त्याच निळ्या काठाच्या साडीत. बायकांच्या बाजूला मनीषाशेजारी बसल्या. वाटी हातात आली तशी त्यांनी ती नाकाशी नेली आणि न खाता चटईवर ठेवली. मग वळून आमच्या बाजूला बघितलं. मनीषा म्हणते, बराच वेळ बघत होत्या.

गुलाबराव माझ्या शेजारी खात होते. मी म्हणालो, "काका, कशी आहे?"

"छान," ते म्हणाले आणि वाटी पुसून घेतली.

खिरीतला धूर मलासुद्धा लागत होता.